७ डिसेंबरची मुंबई : चैत्यभूमीपासून बंदरापर्यंत

गेल्या डिसेंबरात कारंजा तालुक्यातले आम्ही एकोणीस जण ६ तारखेला चैत्यभूमीवर अभिवादन करून त्याच रात्री परत फिरलो नाही. ७ तारखेला दिवसभर मुंबईत थांबलो, बंदराचा भाग पायी फिरलो, लाँचमध्ये बसून समुद्रात गेलो आणि रात्रीच्या गाडीने मूर्तिजापूरला उतरलो. फोटो तालुक्याच्या ग्रुपवर टाकले आणि वाद सुरू झाला. चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी लिहिलं की महापरिनिर्वाण दिन हा पिकनिकचा दिवस नाही. चंदा गोळा करून बाबासाहेबांच्या नावाने मुंबईला जायचं आणि बोटीत बसून फोटो काढायचे, हे कोणत्या आंबेडकरवादात बसतं, असा त्यांचा सवाल होता.

त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. आमच्या गावातलं विहार उभं करताना ते डोक्यावर विटा वाहत होते. म्हणून दोन ओळींचं उलट उत्तर न देता सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ६ डिसेंबरला आम्ही कुठेही फिरलो नाही. रांगेत सात तास उभे होतो, अभिवादन केलं, पुस्तकं घेतली आणि रात्री शिवाजी पार्कवरच झोपलो. फिरलो ते ७ तारखेला. आणि ७ तारीख ही काही सुट्टीची उरलेली तारीख नाही. बाबासाहेबांचं निधन दिल्लीत ६ डिसेंबर १९५६ ला झालं, पण दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाले ते ७ डिसेंबरला. त्याच ठिकाणी, चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखाहून अधिक लोकांनी धम्मदीक्षा घेतली. आपण दरवर्षी ६ ची रात्र गाडीत काढतो आणि ७ तारीख प्रवासात घालवतो. ती का घालवतो, हा प्रश्न आम्हाला आधी कधी पडलाच नव्हता.

तो पडला गाडीत. जनरल डब्यात आमच्यातला एक पोरगा मोबाईलवर व्हिडिओ पाहत होता. कॅरिबियन समुद्रातलं कुठलं तरी बंदराचं शहर. डोंगराएवढं पांढरं जहाज धक्क्याला लागलेलं, त्यातून हाफपँट घातलेले हजारो लोक उतरत आहेत. दिवसभर शहर पाहायचं, खायचं-प्यायचं, संध्याकाळी भोंगा वाजला की परत जहाजात. पोरगा म्हणाला, "काय लाइफ आहे यार! एका दिवसापुरतं शहरात उतरायचं."

शेजारी पथारीवर बसलेली आजी हसली. म्हणाली, "मंग आपन कायले येतो बाप्पा? आपन बी येका दिवसापुरतंच उतरतो अन् परत गाडीत."

आम्ही विचारलं, "आजी, तू किती वर्षं येतेस?"

"येकवीस वर्स झाले मी येतो. पन समिंदर म्हनशीन तं चैत्यभूमीच्या मांगचा, थोबी गर्दीतून. मुंबई काय आसते मले नाई ठाव."

एकवीस वर्षं ज्या शहरात ती येते त्या शहराचा तिला ठाऊक असलेला भाग म्हणजे दादर स्टेशन, शिवाजी पार्क, चैत्यभूमी आणि फार तर राजगृह. आमचीही गत फार वेगळी नव्हती. समाजशास्त्रात एम.ए. केलं, स्थलांतरावर पेपर लिहिले, पण मुंबई बंदराच्या दिशेने कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या रात्री डब्यातच ठरलं की या वेळी ७ तारखेला थांबायचं.

सकाळी सीएसएमटीला उतरून आधी फोर्टातल्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या बुद्ध भवनाकडे गेलो. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली हे महाविद्यालय सुरू केलं. त्यांनी ते बँका, कचेऱ्या आणि बंदराच्या मधोमध, शहराच्या पैशाच्या पेठेत आणलं, ही गोष्ट तिथे उभं राहिल्यावरच नीट कळते. नोकरी करणाऱ्या पोराला कामावरून चालत वर्गात येता यावं, अशी ती जागा आहे.

तिथून बॅलार्ड इस्टेटमधून चालत बॅलार्ड पिअरकडे गेलो. दगडी इमारती, रुंद रस्ते, सावली, आणि पुढे बंदराचं फाटक. पास असल्याशिवाय आत जाता येत नाही. आतल्या बाजूला क्रूझ जहाजांसाठी नवं टर्मिनल झालं आहे. फाटकातून चाकाच्या बॅगा ओढत काही कुटुंबं आत जात होती. आम्ही बाहेरच्या फुटपाथवर उभे. आजी म्हणाली, "हे थेच जहाज काय, मोबाईलमदलं?" तसलंच, असं आम्ही सांगितलं.

फाटक बंद असलं तरी त्या पाण्याशी आपलं नातं जुनं आहे. वडील रामजी यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच, १९१३ साली, बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर जहाजाने न्यूयॉर्कला गेले. १९१७ साली ते परत आले ते 'कैसर-ए-हिंद' जहाजाने. त्यांचं सामान आणि पुस्तकं दुसऱ्या जहाजात होती आणि पहिल्या महायुद्धाच्या त्या दिवसांत ते जहाज पाणतीराने बुडालं. कितीतरी उपासांवर जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. सामानाच्या नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले, त्यातले काही रमाईला देऊन उरलेल्या पैशांवर ते बडोद्याला नोकरीसाठी गेले. तिथे पारशी खानावळीतून त्यांना कसं हुसकावलं, ते आपल्याला पाठ आहे. पण बडोद्याला जायचे पैसे बुडालेल्या पुस्तकांचे होते, हे आमच्या एकोणीस जणांपैकी तिघांनाच माहीत होतं.

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून मागे टाकलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज, एवढी ती शिदोरी होती. ४ ऑक्टोबर १९३० ला 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' जहाजाने ते पहिल्या गोलमेज परिषदेला निघाले. पुढच्या वर्षी १४ ऑगस्टला मणिभवनात त्यांची आणि गांधीजींची पहिली भेट झाली. मला मायभूमी नाही, असं त्या भेटीत त्यांनी तोंडावर सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी 'मुलतान' जहाजात बसले. १५ ऑगस्ट १९३१. कोणाच्या वतीने बोलायला गेले? फुटपाथवर उभ्या असलेल्या आजीच्या आईबापांच्या वतीने.

आता धर्मशास्त्र काय म्हणतं ते पाहू. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास हा पतनाला कारण होणाऱ्या कर्मांत मोजला आहे. मनुस्मृतीत समुद्रावर जाणाऱ्याला श्राद्धाच्या पंगतीतून बाहेर ठेवलं आहे. विलायतेहून आलेल्या सवर्णांना प्रायश्चित्त घ्यायला लावण्याचे वाद एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रभर गाजले. ज्याला पंगतीतच बसू दिलं नव्हतं त्याला पंगतीतून उठवण्याची भीती घालून काय उपयोग? त्यांनी ज्याला काळं पाणी म्हटलं, तोच आपला कोलंबिया आणि लंडनकडे जाणारा रस्ता झाला.

आणि बौद्धांना समुद्र कधीच वर्ज्य नव्हता. याच मुंबईच्या उत्तरेला सोपारा, म्हणजे आजचं नालासोपारा, हे प्राचीन बंदर होतं. तिथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आणि १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप खणला. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत सोपारा आणि कल्याणचे व्यापारी आहेत. संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली ती जहाजानेच. म्हणून समुद्रावर जाणं ही आपली चैन नाही, आपला वारसा आहे.

फाटकापाशी आमच्यातल्या एका मुलीने प्रश्न विचारला. ती एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कापूस वेचणाऱ्या बायांच्या मजुरीवर तिला परदेशात संशोधन करायचं आहे. ती म्हणाली, "बाबासाहेबांना पाठवणारा एक राजा होता. मला कोण पाठवणार?"

तिला आम्ही राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीबद्दल सांगितलं. राज्य सरकारची ही योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, वर्षाला ७५ जागा. मग केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचाही विषय निघाला. २०२२ साली त्या योजनेच्या नियमावलीत बदल करून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. यामागचं कारण असं सांगितलं गेलं की असा अभ्यास भारतातच होऊ शकतो. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये बाबासाहेबांनी जो निबंध वाचला त्याचा विषय होता भारतातील जाती. आजच्या त्या नियमाने तपासलं तर तो निबंध अपात्र ठरला असता. दूर गेल्यावर जात ज्या स्पष्टपणे दिसते, तशी ती गावात बसून दिसू दिली जात नाही. म्हणून तर जायचं असतं. मुलीने हे सगळं वहीत लिहून घेतलं. तोवर आजी फुटपाथवर बसून पाय चोळत होती.

पुढे पी. डी'मेलो रोड लागला. गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं नाव या रस्त्याला आहे. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, मुकादमाने बोट दाखवलं तर काम, नाही तर उपास, अशी गोदीत रीत होती. ती मोडण्यासाठी १९४८ साली गोदी कामगार (रोजगार नियमन) कायदा आला. आमच्या तालुक्यात मजूर अड्ड्यावर आजही तीच रीत आहे, फक्त मुकादमाच्या जागी ठेकेदार आला.

याच रस्त्याच्या कडेला प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉक होते. १४ एप्रिल १९४४ ला दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा. दोन स्फोटांनी गोदी आणि आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, शेकडो माणसं मेली. आग विझवताना ६६ अग्निशामक जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. आपण त्या दिवशी जयंतीच्या मिरवणुकीत असतो आणि ही गोष्ट आपल्याला कोणी सांगत नाही. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या वाढदिवशी मेलेल्यांत किती तरी हमाल आणि गोदीमजूर होते. जयंतीला त्यांच्यासाठी एक मिनिट उभं राहणं अवघड नाही.

मग बसने भाऊच्या धक्क्याला गेलो. इथे पास लागत नाही. मासळीच्या टोपल्या, बर्फाच्या लाद्या, डिझेलचा वास, आणि पाण्यात डुलणाऱ्या लाँच. मोऱ्याची तिकिटं काढली. आजी आधी नको म्हणाली, मग दोघांच्या हाताला धरून चढली. लाँच सुटली तेव्हा तिने डोळे मिटून त्रिसरण म्हटलं. थोड्या वेळाने डोळे उघडले ते परत येईपर्यंत मिटले नाहीत. पाण्यात मोठाली मालवाहू जहाजं नांगर टाकून उभी होती. दूर घारापुरीचं बेट दिसत होतं. त्याच्या टेकडीवर जुन्या विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, हे सांगितल्यावर तिने तिकडेही हात जोडले.

तिथे आम्ही 'पद्मावती' बोटीची गोष्ट सांगितली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला जाताना रस्त्यावरचे मोटारवाले बसू देतील याची खात्री नव्हती. म्हणून बाबासाहेब दोनशेहून जास्त प्रतिनिधींना घेऊन मुंबईहून बोटीने दासगाव बंदराला गेले आणि तिथून चालत महाडला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. समुद्रप्रवास निषिद्ध ठरवणाऱ्या ग्रंथाला आग लावायला आपली माणसं समुद्रावरूनच गेली होती. ज्येष्ठांनी आम्हाला विचारलं होतं की बोटीत बसणं कोणत्या आंबेडकरवादात बसतं. आमचं उत्तर 'पद्मावती' आहे.

व्हिडिओवाला पोरगा लाँचच्या कठड्याला टेकून विचारत होता, "पण त्या कॅरिबियनमधले लोक कोण आहेत? ते काळे कसे?" चांगला प्रश्न होता. तिथली बहुतेक माणसं आफ्रिकेतून साखळदंडात बांधून आणलेल्या गुलामांची लेकरं आहेत. उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांसाठी त्यांना आणलं गेलं. हैतीच्या गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतःचं स्वतंत्र राष्ट्र उभं केलं. त्याच हैतीत लाबादी नावाचा किनारा एका क्रूझ कंपनीने भाड्याने घेतला. भोवती कुंपण, आत पर्यटक, बाहेर हैतीचे लोक. ते कुंपण आमच्या मनात बॅलार्ड पिअरच्या फाटकाला जाऊन भिडलं.

गुलामी संपल्यावर त्या मळ्यांत राबायला कलकत्त्याच्या बंदरातून आपल्याच देशातली गरीब माणसं करारावर नेली. त्रिनिदादला पहिलं जहाज ३० मे १८४५ ला पोचलं. त्यात सगळ्या जातींची माणसं एकत्र कोंबलेली असत, एकाच भांड्यातलं खावं लागे. उतरल्यावर ते एकमेकांना जहाजी भाई म्हणत. त्याच त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन या बंदराच्या शहरात १९४१ साली स्टोकली कारमायकेल जन्मला. पुढे अमेरिकेत 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा त्याने घरोघर पोचवली. त्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. बाबासाहेबांनीही १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागवली होती. म्हणजे ज्या शहरांत पर्यटक एका दिवसासाठी उतरतात, तिथली माणसं आपली जवळची आहेत. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने मोबाईल काढून कारमायकेलचं नाव शोधायला घेतलं.

शेवटी डॉकयार्ड रोडहून हार्बरची लोकल धरून कॉटन ग्रीनला उतरलो. स्टेशनाशेजारी कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे आणि आसपास कापसाची जुनी गोदामं, बरीचशी आता ओस. आमच्या कारंज्याहून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद रेल्वे, आपली शकुंतला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातली ती कापसासाठीच. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि इथून जहाजाने विलायतेच्या गिरण्यांत. १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या यादवीत तिथल्या गुलामांनी पिकवलेला कापूस अडला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेटजी झाले. वेचणारी आमची बाई होती तिथेच राहिली.

कापूस वेचायला महारणीचा हात चालला. गाठ उचलायला महाराची पाठ चालली. पण मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याच्या थुंकीने धागा बाटे. जास्त पगार त्याच खात्यात होता. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांना का सांगितलं, हे आम्हाला त्या गोदामांसमोर दहा मिनिटांत समजावता आलं. वर्गात ते समजवायला आम्हाला तास पुरत नाही.

आजीने एका बंद गोदामाच्या दाराला हात लावला. म्हणाली, "मी सात वर्साची होतो तवापासून कापूस येचतो. कुठी जाते थे कोनं सांगितलंच नाई." जवळच उभी असलेली आमची एम.एस.डब्ल्यू.वाली मुलगी म्हणाली, "आजी, माझ्या अभ्यासात तुझी मुलाखत पहिली घेणार." आजी म्हणाली, "घे ना बाई. पन मजुरी पाडशीन त्या दिसाची!" सगळे हसलो. मुलीने वहीत तेही लिहिलं, आणि ते योग्यच होतं. वेचणीच्या दिवसांत मुलाखत द्यायची तर मजुरी बुडते, हे पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात नसतं.

ज्येष्ठांच्या टीकेतला एक मुद्दा मात्र आम्हाला मान्य आहे. ७ तारखेला सकाळी शिवाजी पार्कवर सफाई सुरू होती, झाडू मारणारे बहुतेक आपलेच होते आणि आम्ही त्यांच्या बाजूने निघून गेलो. ते चुकलं. ज्यांना बोट नको त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्थाही आम्ही केली नव्हती. दोन वयस्क माणसं दिवसभर पाय ओढत चालली.

म्हणून पुढच्या वर्षासाठी सूचना मांडतो. ७ डिसेंबरला सकाळी दोन तास शिवाजी पार्कवर सफाईत हात लावायचा. नंतर ज्यांना जमेल त्यांनी बंदर, सिद्धार्थ महाविद्यालय आणि परळच्या चाळी पाहायच्या. प्रत्येक गावाच्या जथ्यात अभ्यास केलेले दोघं तरी असावेत, म्हणजे नुसतं फिरणं होणार नाही. आणि परत आल्यावर परदेश शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला जिल्ह्यात एक मदतगट करायचा. नीती आयोगाच्या यादीत वाशीम आकांक्षित जिल्हा आहे. त्या आकांक्षेत आपल्या पोरींचा पासपोर्टही असला पाहिजे.

राहता राहिला फिरण्याचा प्रश्न. आपल्या माणसाने शहरात यायचं ते हमाली करायला, झाडू मारायला किंवा डोकं टेकायला, एवढंच या समाजाला चालतं. पाहायला, समजून घ्यायला, दोन घटका आनंदात बसायला तो आला की लोकांना खटकतं, आणि कधी कधी आपल्यालाही खटकतं. ती खटक आपली नाही, शिकवलेली आहे. रात्री गाडीत आजी खिडकीशी बसली होती. पोराने विचारलं, "आजी, पुढच्या वर्षी काय पाहायचं?"

ती म्हणाली, "ज्या कॉलेजात गेलो सकाळी, थे आतून दाखोजो."

या वर्षी आम्ही आधी परवानगीचं पत्र लिहिणार आहोत.

जयभीम, नमो बुद्धाय.